टिंबामागे लपलेली फाइल: ईमेल प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज कुठे कुठे शोधतो?

मागच्या आठवड्यात एका फाइलने माझे दोन तास खाल्ले, आणि गंमत म्हणजे ती फाइल मला दिसतच नव्हती. आजचा एपिसोड तिच्यावर. ज्यांनी तो ऐकला नाही, त्यांच्यासाठी हा त्याचा लेखी मजकूर. बोलताना मध्ये मध्ये खाल्लेले शब्द दुरुस्त केलेत, बाकी जसंच्या तसं.

तर झालं असं. मी लॅपटॉपवर ईमेलसाठी मट नावाचा प्रोग्रॅम वापरतो. काळा पडदा, त्यावर अक्षरं, सगळं काम कीबोर्डवर. यात सेटिंग्जचं पान नसतं, टिचकी मारायला बटणं नसतात. तुमचं नाव काय, मेलखाली सही कोणती, कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, हे सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. त्या फाइलचं नाव मटआरसी. नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा मी ठरवलं की या वेळी सगळं नीटनेटकं करायचं. म्हणून 'डॉट कॉन्फिग' या फोल्डरमध्ये 'मट' असा फोल्डर केला आणि त्यात नवी कोरी मटआरसी फाइल लिहिली. सही बदलली, रंग बदलले. प्रोग्रॅम सुरू केला. सही जुनीच! पुन्हा बदललं. जुनीच! लॅपटॉप बंद करून चालू केला, फाइल पुसून परत लिहिली, तरी जुनीच. भुताटकी आहे की काय, असं वाटायला लागलं.

भूत नव्हतं. जुन्या लॅपटॉपवरून मी माझा सगळा होम फोल्डर उचलून इकडे आणला होता. त्याच्याबरोबर एक जुनी फाइल गुपचूप आली होती. नाव 'डॉट मटआरसी'. नावाच्या सुरुवातीला टिंब, म्हणून यादीत दिसली नाही. आणि मट आधी तिच्याकडे जात होता, मग माझी नवी फाइल उघडायची गरजच काय?

चूक माझीच. पण त्यातून एक प्रश्न डोक्यात बसला. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा तो आपली सेटिंग्ज शोधतो कुठे? कुठल्या क्रमाने? आणि हा क्रम ठरवला कोणी?

आधी उत्तर, मग इतिहास.

घराबाहेर पडताना किल्ली सापडत नाही तेव्हा तुम्ही काय करता? आधी दारामागच्या खुंटीवर बघता. नसेल तर फ्रिजच्या डोक्यावर. तिथेही नसेल तर कालच्या पँटच्या खिशात. जिथे सापडली तिथे शोध थांबला. खुंटीवर किल्ली मिळाल्यावर कोणी फ्रिजवर बघायला जात नाही. मट अगदी हेच करतो. आधी तुमच्या होम फोल्डरमध्ये 'डॉट मटआरसी' आहे का बघतो. नसेल तर 'डॉट मट' फोल्डरमध्ये मटआरसी आहे का. नसेल तर 'डॉट कॉन्फिग'मधल्या 'मट' फोल्डरमध्ये. पहिली सापडली की शोध संपला, बाकीच्या फाइल्स असल्या काय, नसल्या काय, सारख्याच. माझी नवी फाइल फ्रिजवर होती. खुंटीवर जुनी किल्ली लटकत होती.

आता इतिहास. 'मटआरसी' या नावातलं 'आरसी' कुठून आलं? थेट १९६० च्या दशकातून. अमेरिकेत एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची यंत्रणा होती. एकच मोठा कॉम्प्युटर आणि त्यावर एकाच वेळी काम करणारी अनेक माणसं. तिथे लुई पुझँ नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने 'रनकॉम' नावाची सोय केली. रनकॉम म्हणजे रन कमांड्स. रोज त्याच त्याच आज्ञा टाइप करण्यापेक्षा त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि एका दमात चालवा. त्या 'रनकॉम'चं पुढे झालं 'आरसी'. म्हणजे सेटिंगची फाइल ही मुळात आज्ञांची यादीच. योगायोग बघा, याच सीटीएसएसवर १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी 'मेल' नावाची आज्ञा लिहिली. एका माणसाने दुसऱ्यासाठी निरोप ठेवायचा, दुसऱ्याने आल्यावर वाचायचा. ईमेल आणि 'आरसी', दोघांचं माहेर एकच.

बरं, आणि ते टिंब? त्याची गोष्ट तर आणखी मजेशीर. १९६९ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं. पुढे युनिक्समध्ये फोल्डरच्या आत फोल्डर अशी रचना आली. तेव्हा प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी ठेवल्या गेल्या. एक टिंब म्हणजे 'हाच फोल्डर', आणि दोन टिंबं म्हणजे 'याच्या वरचा फोल्डर'. आता यादी बघायला गेलं की प्रत्येक वेळी या दोन नोंदी समोर येणार. त्या लपवायच्या होत्या. यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी शॉर्टकट मारला. 'नाव नेमकं एक टिंब किंवा दोन टिंबं असेल तर सोडून दे' असं लिहिण्याऐवजी 'पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे' असं लिहिलं. काम झालं! पण त्याबरोबर टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल आपोआप अदृश्य झाली. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं.

ही हकीकत सांगितली रॉब पाइक यांनी, २०१२ मध्ये, गूगल प्लसवर. हो, तेच गूगल प्लस, जे २०१९ मध्ये बंद पडलं. पाइक स्वतः बेल लॅब्जमधले. त्यांचं म्हणणं असं की एका आळशी शॉर्टकटमुळे वाईट पायंडा पडला. लपवता येतंय म्हटल्यावर जो तो प्रोग्रॅम आपली फाइल टिंब लावून तुमच्या घरात टाकू लागला. वेगळा फोल्डर करून त्यात सगळ्यांची सोय करता आली असती. हेच रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ तयार केलं. त्याच पद्धतीमुळे आत्ता ही मराठी अक्षरं तुमच्या फोनवर चौकोन न होता उमटतायत. म्हणजे माणूस तक्रार करतो म्हणून त्याला नुसता कुरकुऱ्या समजू नका.

आता ईमेलकडे. १९७८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कर्ट शोन्स यांनी 'मेल' नावाचा नवा प्रोग्रॅम लिहिला. त्यात दोन फाइल्स वाचायची पद्धत होती. पहिली यंत्रणेच्या फोल्डरमधली 'मेल डॉट आरसी', सगळ्यांसाठी एकच. दुसरी तुमच्या होम फोल्डरमधली 'डॉट मेलआरसी', फक्त तुमची. आधी सार्वजनिक फाइल वाचायची, मग खासगी.

इथे जरा थांबा, कारण सगळी मेख या क्रमात आहे. एकच सेटिंग दोन्ही फाइल्समध्ये असेल तर कोणाचं चालणार? जी नंतर वाचली जाते तिचं. सोसायटीचं उदाहरण घ्या. खाली नोटीस बोर्डावर नियम लावलेले असतात, ते सगळ्यांना. पण तुमच्या घरात चपला कुठे काढायच्या ते तुम्ही ठरवता. बर्कलीच्या मेल प्रोग्रॅममध्ये कॉम्प्युटर सांभाळणारा आधी बोलायचा आणि तुम्ही नंतर. म्हणजे शेवटचा शब्द तुमचा. एवढंच नाही, प्रोग्रॅम सुरू करताना पुढे 'वजा एन' लिहिलं की तो सार्वजनिक फाइल वाचायचाच नाही. आज मट सुरू करताना 'वजा एन' लिहिलंत तर तोही हेच करतो. इतक्या वर्षांनी तेच अक्षर, तोच अर्थ!

म्हणजे कुठला फोल्डर आधी आणि कुठला नंतर, हा वरवर तांत्रिक वाटणारा तपशील खरं तर अधिकाराचा प्रश्न आहे. माझ्या टपालपेटीचे नियम कोण ठरवणार?

या प्रश्नाला वेगवेगळ्या प्रोग्रॅम्सनी वेगवेगळी उत्तरं दिली. १९८६ मध्ये डेव्ह टेलर यांनी एल्म नावाचा प्रोग्रॅम आणला. त्याने घरभर फाइल्स पसरण्याऐवजी 'डॉट एल्म' असा एक फोल्डर केला आणि त्यात 'एल्मआरसी' ठेवली. नीटनेटका पाहुणा म्हणायचा. मग १९८९ मध्ये सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पाइन सुरू झाला. तो कॉम्प्युटरवाल्यांसाठी नव्हता, ऑफिसात काम करणाऱ्या साध्या माणसांसाठी होता. पाइनमध्ये आधी सार्वजनिक फाइल, मग तुमची 'डॉट पाइनआरसी', असा नेहमीचा क्रम होताच. पण त्याच्यावर आणखी एक फाइल आली, 'पाइन डॉट कॉन्फ डॉट फिक्स्ड'. त्यात जे लिहिलंय ते तुम्हाला बदलता येत नाही. तुमच्या फाइलमध्ये काहीही लिहा, चालणार तेच. सोसायटीत पाणी सोडायची वेळ जशी तुमच्या हातात नसते, तसं.

हे वाईट का? लगेच 'हो' म्हणू नका. हजारो लोकांचा मेल सांभाळणाऱ्या माणसाचं दुखणंही खरं असतं. एखाद्याने सर्व्हरचं नाव चुकीचं बदललं की तक्रार त्याच्याच टेबलावर येते. आणि तुमच्या घरातल्या त्या छोट्या फाइल्स फक्त तुमच्या प्रोग्रॅमलाच दिसतात असंही नाही.

२ नोव्हेंबर १९८८. रॉबर्ट टॅपन मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडतो. तो स्वतःच्या प्रती काढत एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो आणि हजारो कॉम्प्युटर्सना गुडघ्यावर आणतो. मॉरिस वर्म म्हणून तो आजही ओळखला जातो. पण पुढचा कॉम्प्युटर कुठे आहे, हे त्याला कळायचं कसं? अनेक वाटा होत्या. त्यातली एक म्हणजे लोकांच्या होम फोल्डरमधली 'डॉट फॉरवर्ड' ही फाइल. आपला मेल दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवायचा असेल तर लोक त्या फाइलमध्ये तिकडचा पत्ता लिहून ठेवत. मेल पोचवणारा सेंडमेल प्रोग्रॅम ती वाचायचा. वर्मनेही तीच वाचली. फाइल ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाने, सगळ्यांच्या घरात. शोधायला सोपी प्रोग्रॅमला, आणि तितकीच सोपी चोराला.

पुढे सेंडमेल कडक झाला. तुमचा फोल्डर असा उघडा असेल की दुसरा कोणीही त्यात लिहू शकेल, तर तिथल्या 'डॉट फॉरवर्ड'वर तो विश्वासच ठेवत नाही. ही तपासणी सैल करायची असेल तर एक सेटिंग आहे. तिचं नाव काय असेल? 'डोन्ट ब्लेम सेंडमेल'. म्हणजे, 'तुम्ही दार उघडं ठेवताय, उद्या चोरी झाली तर आम्हाला बोलायचं नाही'. हे मी रचून सांगत नाहीये, सेटिंगचं खरंच हे नाव आहे.

१९९५ मध्ये मायकल एल्किन्स यांनी मट लिहिला. त्याचं ब्रीदवाक्य साधारण असं, की सगळेच ईमेल प्रोग्रॅम भिकार असतात, हा जरा कमी भिकार आहे. सुरुवातीपासून तो एल्मच्या वळणावर गेलेला. त्यामुळे सार्वजनिक फाइल आधी आणि तुमची नंतर, हा जुना शिरस्ता त्यातही आला.

तोपर्यंत लोकांच्या होम फोल्डरची अवस्था लग्नघरासारखी झाली होती. प्रत्येक प्रोग्रॅमची एक टिंबवाली फाइल, कोणाची कुठली ते कळेना. मग फ्रीडेस्कटॉप या मंडळींनी एक नियमावली केली. ती एक्सडीजी या नावाने ओळखली जाते. तिचं म्हणणं सरळ आहे. सगळ्यांनी आपापली सेटिंग्ज 'डॉट कॉन्फिग' या एकाच फोल्डरमध्ये ठेवा, प्रत्येकाने आत आपला कप्पा करा. आणि कोणाला दुसरी जागा हवी असेल तर ती एका ठरलेल्या नावाने सांगा, प्रोग्रॅम तिथे बघेल. रॉब पाइक यांना जे हवं होतं जवळपास तेच. फक्त या फोल्डरच्या नावाआधीसुद्धा टिंब आहेच. सवय जात नाही हो!

मग मटनेही ही नवी जागा स्वीकारली, पण रांगेत शेवटी. सगळ्यात जुनी जागा पहिली, सगळ्यात नवी शेवटची. मला त्या दिवशी याचा राग आला होता. आता पटतंय. कोणीतरी वीस वर्षांपूर्वी एक फाइल लिहिली, हळूहळू घडवली, कॉम्प्युटर बदलत गेले तरी ती बरोबर नेली. नवी पद्धत आली म्हणून त्याच्या फाइलकडे दुर्लक्ष करायचं का? मट म्हणतो, नाही. जुना रहिवासी आधी. माझे दोन तास ही त्या आदराची किंमत होती.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही फोनवर मेल बघतो, आम्हाला या फोल्डरांशी काय देणंघेणं?

आहे. फक्त शोध दुसरीकडे सरकलाय. थंडरबर्ड हा प्रोग्रॅम घ्या. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ ची. तो तुमची सेटिंग्ज ज्या फोल्डरमध्ये ठेवतो त्याच्या नावात आठ अक्षरं अशीच कशीतरी जुळवलेली असतात. प्रत्येकाची वेगळी. कारण? बाहेरच्या कोणाला नेमका पत्ता आधीच ओळखता येऊ नये. 'डॉट फॉरवर्ड'च्या गोष्टीतला धडा इथे दिसतो. थंडरबर्ड स्वतः मात्र चुकत नाही, कारण 'प्रोफाइल्स डॉट आयएनआय' या छोट्या फाइलमध्ये तो पत्ता लिहिलेला असतो.

आणि नवं खातं जोडताना काय होतं? तुम्ही फक्त ईमेल पत्ता आणि पासवर्ड देता, बाकी सगळं आपोआप भरतं. जादू वाटते ना? ती किल्लीची शोधाशोधच आहे. आधी प्रोग्रॅम आपल्याच फोल्डरमध्ये बघतो, या कंपनीची सेटिंग्ज आहेत का. नसतील तर ज्या कंपनीचा मेल आहे तिच्या वेबसाइटवर ठरलेल्या पत्त्यावर एक फाइल मागतो. तीही नसेल तर एका सामायिक यादीत शोधतो. तिथेही नसेल तर अंदाज करतो, बहुतेक सर्व्हरचं नाव आयमॅप डॉट अमुकतमुक असेल, आणि दार ठोठावून बघतो. काहीच जमलं नाही तर शेवटी तुम्हाला विचारतो. खुंटी, फ्रिज, खिसा आणि मग 'आई, किल्ली बघितलीस का?' क्रम तोच, फक्त काही फोल्डर आता घराबाहेर आहेत.

आणि तुमच्या फोनवर? अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. पण तिथे प्रत्येक अॅपला स्वतःची बंद खोली मिळते. अॅपची सेटिंग्ज त्या खोलीतल्या फाइलमध्ये असतात. दुसऱ्या अॅपला ती खोली उघडता येत नाही. मॉरिस वर्मसारखं कोणी आलं तरी त्याला तुमच्या घरात फिरून फाइल्स वाचता येऊ नयेत, यासाठी ही सोय. ही फार मोठी गोष्ट आहे, हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या फोनवरचा एखादा फालतू गेम तुमच्या मेल अॅपचा पासवर्ड सहज वाचू शकत नाही, तो यामुळेच.

पण एक गोष्ट हातातून गेली. त्या खोलीची किल्ली तुमच्याकडेही नाही. फोन तुमचा, अॅप तुम्ही टाकलेलं, सेटिंग्ज तुम्ही निवडलेली, पण ती फाइल उघडून वाचायची, पेनड्राइव्हवर घ्यायची, मित्राला द्यायची तर अॅप बनवणाऱ्याने तशी सोय ठेवली असेल तरच जमतं. १९७८ मध्ये बर्कलीतल्या साध्या विद्यार्थ्याला 'वजा एन' लिहून सांगता यायचं, की तुमचे नियम नकोत, माझे चालवा. आज सेटिंग्जच्या पानावर जेवढी बटणं दिलीत तेवढंच आपलं राज्य. अपडेट आलं आणि एखादं बटण गेलं, की तेवढा आपला शब्दही गेला.

मला जुने दिवस परत नकोयत. ठरलेल्या जागी उघड्या पडलेल्या फाइल्सनी काय होतं ते आपण पाहिलं. सुरक्षितता हवीच. पण सुरक्षित असणं आणि मालकालाच बाहेर ठेवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे विसरता कामा नये. म्हणून नवं मेल अॅप घ्याल तेव्हा रंग आणि चिन्हं बघण्याआधी एक गोष्ट शोधा: 'एक्सपोर्ट सेटिंग्ज' अशी ओळ आहे का? असेल तर तुमची फाइल अजून तुमची आहे.

जाता जाता एक गृहपाठ. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं अॅप मिळतं. ते उघडा, 'एल एस' लिहा. मग 'एल एस वजा ए' लिहा. दोन्ही याद्यांत फरक दिसेल. दुसऱ्या यादीत सगळ्यात वर एक टिंब असेल, त्याच्यापाठोपाठ दोन टिंबं. ज्यांना लपवण्यासाठी एका माणसाने पन्नासेक वर्षांपूर्वी शॉर्टकट मारला, तीच ती दोन नावं.

आणि हो, माझी जुनी 'डॉट मटआरसी' मी पुसली नाही. उघडून वाचली. त्यात एक सही होती, कॉलेजात असताना लिहिलेली, भयंकर बालिश. ती फाइल मी नवीन जागी हलवली आणि नवी तिच्यात मिसळली. सही मात्र नवीच ठेवलीय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!